परदेशी मॉनिटर आणि खालचे माग

आमच्या घरी खाली टॉवेलचा कारखाना आहे आणि वर आम्ही राहतो. माग सुरू असले की हाक पोचत नाही. पप्पांना बोलवायचं असेल तर कारखान्यातला दिवा दोनदा चालू-बंद करायचा.

ताई अमेरिकेहून पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन आली, तेव्हा तिनं बेबी मॉनिटर आणला. एक यंत्र बाळाजवळ, दुसरं आपल्याजवळ; तिकडचं रडणं इकडे ऐकू येतं. घरातली इंग्रजी पत्रकं वाचायचं काम माझं. मॉनिटरचं पत्रकही मीच वाचलं.

"ताई, हा फक्त अमेरिका-कॅनडात वापरायचा, असं लिहिलंय. मी नेटवर पण बघितलं. ह्याची फ्रिक्वेन्सी इथे मोबाइलसाठी वापरतात."

"हिरवा लाइट लागलाय ना? मग चालतोय."



दुपारी बाळाला वर निजवून ताई आईबरोबर कारखान्यालगतच्या खोलीत टॉवेलच्या घड्या घालायला बसली. मॉनिटर माझ्या मांडीवर होता. तो मधूनच खरखरायचा, जवळ कुणाचा फोन वाजला की जास्तच. मग एकदम गप्प झाला. मी कानाला लावला. मागांच्या खडखडाटात काही कळेना.

"वर बघून येऊ का?" मी मोठ्यानं विचारलं.

"आत्ता कुठं निजलंय. उठवशील. पहिल्यापासून घाबरट तू!" ताई म्हणाली.

आई हसली. "मागाच्या घरातली पोरं आवाजानं उटत न्हाईत गं. माग थांबले की उटतात. तुमी दोघी तशाच होता की."

मॉनिटर अजून गप्पच होता. साधी खरखरही नाही. मी उठले आणि कारखान्यातला दिवा दोनदा चालू-बंद केला. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच सांगितलं, बंद करा.

माग थांबले. आणि वरून रडणं ऐकू आलं. बसलेल्या आवाजातलं, थकलेलं. माझ्या हातातला हिरवा दिवा तसाच लागलेला. यंत्र सुरू आहे, एवढंच तो सांगत होता.

ताई माझ्या आधी जिना चढली. बाळ सरकून गादी आणि भिंतीच्या फटीत गेलं होतं, एक हात अंगाखाली अडकलेला. चेहरा लालभडक, केस घामानं चिकटलेले. ताईनं त्याला ओढून छातीशी धरलं, हात हलवून पाहिला, बोटं मोजल्यासारखी चाचपली. सगळं ठीक होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू घे त्याला. मीच घाबरलेय."

मी घेतलं. त्याचे हुंदके थांबायला खूप वेळ लागला.