ओसरीचा पडदा

दुपारी लॅबमध्ये कुणी नसतं, आणि एसीच्या घरघरीत शालनताईंचं डोकं कीबोर्डशेजारी कधी टेकतं ते त्यांनाही कळत नाही. समोरचं जुनं युनिक्सचं मशीन सकाळपासून हटून बसलंय, मालकासारखंच हट्टी. लॉगिन होतं, पण नकाशाची खिडकी काही उमटत नाही. काळा पडदा आणि त्यावर एकच ओळ: ओसरीचा पडदा उघडता येत नाही. ओसरी हे घरच्या कॉम्प्युटरचं नाव, कारखानीस सरांनी हौसेनं ठेवलेलं. त्या शब्दापाशी आलं की शालनताईंचे डोळे भरतात आणि पुढचं काही सुचत नाही. सर, म्हणजे त्यांचे यजमान, होळीच्या आधी गेले. तालुक्यातल्या झऱ्यांचा त्यांनी काढलेला नकाशा या एकाच मशीनवर आहे, आणि मशीन उद्या भंगारात जाणार.

"नुसतं बघत काय बसलीस?"

शेजारच्या खुर्चीत सर बसलेत. मनगटावर सलाईनची पट्टी अजून तशीच.

"सर..." लॅबमध्ये त्या सर म्हणायच्या, घरी अहो. पण खाली बघतात तर फरशी स्वयंपाकघरातली आहे, ओट्यावर दूध तापतंय. "अहो, दूध बघा हं."

"दूध राहू दे. मशीन चित्र कुठे पाठवतंय, ते बघितलंस का?"

"नाही."

"काखेत कळसा नि गावाला वळसा! आजारपणात मी घरून काम करायचो ना? तेव्हा त्याला सांगून ठेवलंय, सगळं ओसरीवर दाखव. ते बिचारं अजून तिकडेच पाठवतंय."

ओसरी तर तेराव्यानंतर त्यांनीच बंद करून चादरीखाली झाकली. ती चादर आता दवाखान्यातल्या कॉटवर आहे, सर त्यावर टेकून बसलेत आणि मशीन त्यांच्या मांडीशी.

"मग काय करू?"

"ते नाव खोड. या मशीनचं घाल."

"तुमच्या हातचं मी खोडणार नाही."

"शालन, मी नाही ना गं आता तिथे."

सर मशीनच्या पडद्याच्या काचेवर बोट टेकवतात. याच सवयीवरून दोघांची जन्मभर भांडणं.

"अहो, डाग पडतो!" त्या म्हणतात, आणि दूध उतू जातं.

जाग येते. खुर्ची रिकामी आहे. शालनताई पदर तोंडाशी धरून पोटभर रडतात. मग 'ओसरी' हा शब्द शोधून काढतात, एकेक अक्षर मागे घेत खोडतात, आणि तिथे या मशीनचं नाव घालतात. खिडकी उमटते. डोंगरउतारावरचे सगळे झरे निळे होऊन समोर येतात.

आज सकाळीच त्यांनी लख्ख पुसलेल्या काचेच्या कोपऱ्यात आता बोटाचा एक तेलकट ठसा आहे. सवयीनं त्या फडकं घेतात, बाकीची काच पुसतात, आणि तेवढा कोपरा सोडून देतात.