खिडकीची ओसमी

डेंटल लॅबमध्ये कवळ्या घडवणाऱ्या ताईला कल्पनाशक्तीची वानवा कधीच नव्हती. आठवडाभर ती मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायची आणि शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून अख्खं जग चालवायची. खेळ तिनेच रचलेला. गोष्ट तिने सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, आणि पात्राचं धाडस फळतं की अंगाशी येतं हे फाशांनी ठरवायचं. खेळायला धाकटी बहीण, शेजारीण आणि लॅबमध्ये साचे ओतणारा सहकारी, ज्याला सगळे प्लास्टरराव म्हणत.

या जगाचे सात थोरले देव तिने एका बैठकीत उभे केले होते. घोडं अडलं ते किरकोळ देवतांपाशी. उंबऱ्याची, दोरीच्या गाठीची, हरवलेल्या वस्तूंची, अशा बारक्यासारक्या देवतांना नावं काही केल्या सुचेनात. एकदा तिने मोठ्या हौसेने ‘सिरोविना’ हे नाव वाचून दाखवलं, तर प्लास्टररावाने विचारलं, “ही जेवणाआधी घ्यायची की नंतर?”

त्याच घरात तिचे वडील राहायचे. एकतीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केलेला माणूस. वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द विस्कटले. त्यांना समजायचं सगळं. बोलताना मात्र चमच्याला ‘लुंबक’, चपलांना ‘चिरपटी’ आणि खिडकीला ‘ओसमी’ म्हणायचे, तेही जुन्याच खणखणीत आवाजात, जणू गाडी फलाटाला लागलीच आहे. उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं म्हणून ताई ते शब्द एका वहीत टिपून ठेवायची.

एका शनिवारी सगळी पात्रं नदीच्या उतारापाशी पोचली.

“इथली देवता कोण?” शेजारणीने विचारलं.

ताई अडखळली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “ओसमी.”

“अगंबाई, किती गोड!” शेजारीण म्हणाली. मग काय, ताईला हुरूपच आला. चिरपटी वाटसरूंची राखणदार झाली, लुंबक भुकेल्यांचा वाली.

मंडळी गेल्यावर बहिणीने ताईला स्वयंपाकघरात गाठलं. “बाबांच्या दुखण्याचा खेळ मांडलास?”

“तसं नाही गं. मला ते शब्द खरंच आवडतात.”

“त्यांना विचारलंस?”

ताईने हातातली कपबशी उगाच दोनदा विसळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन बाबांजवळ बसली. “बाबा, तुमचे शब्द मी आमच्या खेळात घेतलेत. देवतांना नावं म्हणून. चालेल तुम्हाला?” मग तिने वाचलं, “ओसमी, नदीच्या उताराची देवता.”

बाबांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. ताईचा जीव एवढासा झाला. “राहू द्या, मी खोडते.” पण त्यांनी तिचं मनगट धरलं, खिडकीकडे बोट केलं आणि ठणकावून म्हणाले, “ओसमी!” पुन्हा वहीवर बोट, पुन्हा खिडकीकडे.

तेव्हा तिला उमगलं. नाव घेतल्याचा राग नव्हताच. देवता भलत्याच ठिकाणी बसवल्याची तक्रार होती.

पुढच्या शनिवारी ओसमी नदीवरून उठून खिडकीत आली, आणि बाबाही टेबलाशी खुर्ची ओढून बसले. पात्रं कुठल्या गावात शिरली की ते ताठ होऊन आपल्या भाषेत घोषणा करत. प्लास्टरराव मान डोलावून म्हणे, “कळलं साहेब, गाडी वेळेवर आहे.” बहीण पहिल्यांदा हसली ती अशाच एका घोषणेला, आणि नंतर बाबांचे फासे तीच टाकायला लागली. नवी देवता लागली की नाव आता बाबाच देत.

सहा-सात महिन्यांत उपचारांना गुण आला. खरे शब्द एकेक करून परतू लागले, तसे घडवलेले शब्द मागे पडले. एका दुपारी शेजारणीच्या पात्राची नदीपलीकडे नेणारी नाव चुकली. उशिरा पोचणाऱ्यांची देवता कोण, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी सवयीने बाबांकडे पाहिलं.

बाबांनी शब्द शोधून पाहिला. मग सावकाश, स्वच्छ म्हणाले, “मला नाही सुचत.”

एवढं अख्खं वाक्य झटक्यानंतर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. बहिणीने त्यांचा हात हातात घेतला. ताईने वहीत त्या देवतेपुढची जागा कोरीच ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाली, “चला, पुढची नाव येतेय. कोण कोण चढणार?”