पुढच्या चाकाचा पंचनामा

ती घटना विसरावी असं मला फार वाटतं, पण ती काही विसरली जात नाही. नाव कुणाचंच घेणार नाही, माझ्या तेव्हाच्या पोलीस ठाण्याचंही नाही. मोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सकाळच्या पाळीला निघालेला पन्नाशीचा एक कामगार सायकलसकट गटाराच्या कडेला पडलेला सापडला. डोक्याला मार होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

तासाभरात खबर आली. कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याने फोन केला, "साहेब, धाडकन आवाज आला. वळून बघितलं तर पांढरा टेम्पो सुसाट चाललेला." अर्धा नंबरही त्याने सांगितला. दुपारी टिटवाळ्यातून टेम्पो आणि ड्रायव्हर दोन्ही ठाण्यात हजर झाले. मी मनात म्हटलं, चला, गुन्हा उघड झाला.

ड्रायव्हर तिशीतला. घरी म्हातारी आई, बायको, दोन लहान मुली, सगळ्यांचं पोट त्या टेम्पोवर.

"मी नाय ठोकलं साहेब. माणूस आधीच पडलेला होता."

"मग थांबला का नाहीस?"

"थांबलो असतो तर पब्लिकने मलाच धरलं असतं."

माझं डोकं सटकलं. पडलेला माणूस टाकून जाणाऱ्याची मला चीड आहे, आजही आहे. मी त्याच्या कानाखाली दोन ओढल्या. मग तीन तास तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. शेवटी तो म्हणाला, "लागला असेल साहेब. काय लिहायचं ते लिहा." मी लिहिलं.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी मुद्देमाल खोलीत सायकलचं मागचं चाक उचलून फिरवलं, तर ते झोकांड्या खात होतं. मागून धडक बसलीय, मी सांगून टाकलं. दोन पंच बोलावले आणि 'मागील चाक वाकलेले' असा पुरवणी पंचनामा केला. ड्रायव्हरला जामीन झाला, पण लायसन्स जमा, टेम्पो जप्त आणि मालकाने त्याला कामावरून काढलेलं. माझं दोषारोपपत्र कोर्टात गेलं असतं तर तो आत गेला असता.

ते पाठवायच्या आधी आमचे हवालदार अडून बसले. "साहेब, टेम्पोच्या तपासणीत नवीन खूण मिळालेली नाही. आणि सायकलचा अहवाल कुठाय? आरटीओवाले सायकल बघत नाहीत."

"मग नाक्यावरच्या सायकलवाल्या काकांना आणा," मी वैतागून म्हणालो. कागद पुरा करायचा, एवढाच माझा हेतू होता.

काकांनी सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी केली. मागचं चाक फिरवून रिमजवळ अंगठा धरला. रिम एकाच जागी अंगठ्याला लागत होती.

"आऊट आहे," काका म्हणाले. "पण मागून ठोकर बसली तर आधी मडगार्ड चेपतो, कॅरियर वाकतो. हे दोन्ही सरळ आहेत. ही रिम बाजूने दाबलीय. सायकल आडवी टाकून वर वजन ठेवलेलं काय?"

हवालदार माझ्याकडे बघेनात. मुद्देमाल खोलीत पहिल्या रात्री सायकल आडवीच होती, आणि तिच्यावर चोरीच्या गुन्ह्यातल्या लोखंडी सळ्या रचलेल्या होत्या. मी घटनास्थळाचे फोटो मागवले. फोटोत मागचं चाक अगदी सरळ होतं. म्हणजे ते चाक आमच्याच खोलीत वाकलं होतं.

"पुढचं बघितलं का कोणी?" काकांनी विचारलं. कोणीच बघितलं नव्हतं. त्यांनी एका हाताने पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा धरला आणि दुसऱ्या हाताने चाक आडवं हलवलं. खटखट आवाज आला. "ॲक्सलवरचा कोन सैल, आतले बेअरिंगचे छर्रे खलास. हे लय दिवसांचं आहे. चिमट्याच्या आत टायर घासून रंग गेलाय, बघा. खड्ड्यात चाक तिरकं होऊन अडकलं आणि माणूस डोक्यावर गेला."

मी त्या कामगाराच्या घरी गेलो. बायको दारात उभी राहूनच बोलली. "रोज म्हणायचे, पुढचं चाक हलतंय, रविवारी दाखवतो. रविवारी पण ओव्हरटाइम निघायचा."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"मला कोणी विचारलंच नाही."

खरंच विचारलं नव्हतं. रडणाऱ्या बाईला काय विचारायचं, असं म्हणून मी जबाब चार ओळींत उरकला होता. टपरीवाल्यालाही पुन्हा बोलावलं. त्याने धडक पाहिलीच नव्हती, फक्त आवाज ऐकला होता.

मी कोर्टाला सी समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला होता, असा तिचा अर्थ. टेम्पो तेव्हा तीन महिने ठाण्याच्या आवारात सडत होता आणि मालकाने त्याच्या जागी दुसरा माणूस ठरवून ठेवला होता. ड्रायव्हर बिचारा लायसन्स न्यायला आला. सही केली आणि जाता जाता थांबला.

"साहेब, मी कबूल का केलं, ते लिहिलंय का त्यात?"

मी म्हणालो, "जा आता घरी."

नोकरीत त्यानंतर मी एकाही संशयितावर हात उचलला नाही, आणि पहिल्या दिवशी सुचलेलं उत्तर स्वतःच्याच विरोधात तपासायला शिकलो. हे शिकायला मला दुसऱ्याची भाकर लागली, याची लाज वाटते. तो थांबला नाही, ही त्याची चूक मी अहवालात ठळक लिहिली. त्याच्या कानाखाली ओढलेल्या दोन चापट्यांबद्दल मात्र त्यात एक ओळ नाही. ती ओळ मी आज इथे लिहितो आहे, आणि तो हे वाचणार नाही.