मामंजींनी ऐकलेलं सायटेशन

बूट पॉलिशचा वास आला की सत्तरच्या दशकातली, सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरातली एक सकाळ आठवते. तुमचे आजोबा तेव्हा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. साताऱ्याचे माझे सासरे निवृत्त सुभेदार होते आणि फौजेत न गेलेल्या या मुलाशी ते कामापुरतंच बोलत. ह्यांच्या कोयनेच्या भूकंपांवरच्या शोधनिबंधाचा परदेशी नियतकालिकात उल्लेख झाला, तेव्हा मी हौसेनं साताऱ्याला कळवलं की ह्यांना सायटेशन मिळालं. फौजेत सायटेशन म्हणजे शौर्यपदकाबरोबर वाचून दाखवतात ते मानपत्र, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मामंजी पहिल्या एसटीनं हजर झाले, छातीवर पदकं, बूट आरशासारखे, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. "सूनबाई, वाचा. सायटेशन उभ्यानं ऐकायचं असतं," म्हणत ते ताठ उभे राहिले. हेही निमूटपणे शेजारी उभे राहिले. मी वाचलं: ह्यांचं आडनाव, साल आणि पान. "येवढंच?" मामंजींनी विचारलं. "एवढंच, आबा," हे मान खाली घालून म्हणाले. "लिवलंय कुणी?" "एका जपानी शास्त्रज्ञानं." मामंजी ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले होते. त्यांनी पेढ्यांचा पुडा सोडला. मग म्हणाले, "जपानी गडी लय कडक. उगा कुणाचं नाव घ्यायचा न्हाई," आणि त्यांनी पहिला पेढा ह्यांच्या तोंडात घातला. तुम्ही फोनवर आपल्या शोधनिबंधांच्या सायटेशनांचा आकडा सांगता, तेव्हा "पण नाव घेतलं कुणी?" असं मी का विचारते, ते आता कळलं असेल.