मुठीएवढी जागा

ओवे गावाजवळच्या त्या गॅरेजवाल्याला मी एकदाच भेटलो. आमची गाडी पंधरा वर्षांची झालेली, आरटीओची फिटनेस तपासणी दोन दिवसांवर. मुलाने हौसेने आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली घेतली होती आणि अशी गाडी पास होत नाही. मूळ स्प्रिंगा मी डिकीत घालून नेल्या.

त्याने टेप काढलाच नाही. चाक आणि मडगार्डच्या मध्ये मूठ घालून पाहिली. गेली नाही.

"तपासणीपुरत्या बदला," मी म्हटलं. "नंतर परत आखूड घालू. सगळे तेच करतात."

"मी नाय करत. साहेब एकदा बघणार, खड्डे रोज हायत."

दुपारी गाडी उंच झाली, मूठ सहज आत गेली. मग त्याने आखूड स्प्रिंगा ग्राइंडरवर धरल्या आणि माझ्यासमोर एकेकीचे दोन तुकडे केले.

"पोराला सांगा, मीच कापल्या," तो हात पुसत म्हणाला. "भांडायला त्याला इथं पाठवा. तुमी नका भांडू."

घरी मी तसंच सांगितलं. खरं तर ग्राइंडर सुरू होण्याआधी 'थांबा' म्हणायला मला भरपूर वेळ होता.