मायनसमधला काटा

बाप आन् जुना ट्रॅक्टर म्हणलं की तुमी रुमाल काढून बसला असताल. ठेवा खिशात. ह्याच्यात कुणी मरत न्हाई, कुणी स्टेअरिंगला मिठी मारून रडत न्हाई. बॅटरी चार्ज व्हत नव्हती, एवढंच हाय.

बैलं विकल्यापासून आमचे आबा, म्हंजे माझे वडील, पोळ्याला ट्रॅक्टरच मिरवतेत. ट्रॅक्टर माझ्यापेक्षा थोरला हाय आन् घरात मानबी त्यालाच जास्त. वेशीत मारुतीपुढं बैलांची मंगलाष्टकं व्हतेत. बैलं बुजू नयेत म्हणून तिथं इंजन बंद करावं लागतं. गेल्या पोळ्याला बंद केलं ते परत चालूच झालं न्हाई. पोरांनी ढकलत घरी आणलं. "आबा, नवरदेव कावून अडला? हुंडा कमी पडला का?" असं पारावरचे लोक वर्षभर इचारत व्हते. आबांनी पारावर बसायचं सोडलं.

म्हणून औंदा त्यांनी बॅटरी चार्ज करणारा डायनामो दुरुस्त करून आणला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी असती. जू घासून घासून कडक झालेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची. आबांनी तीबी सोडली न्हाई. मी आत जेवत व्हतो, बाहेरून आवाज आला, "हलू नको सोन्या. लई वढलंस वर्षभर."

सकाळी ट्रॅक्टर चालू केला तर चीं करून वरडला आन् चार्जिंगचा काटा मायनसकडं जाऊन बसला. आबांनी काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म. बॅटरीची टोकं घासली, वायरी पिळून बघितल्या, कटआऊटची डबी उघडून पॉइंट साफ केले. काटा तिथंच. असाच गेला तर वेशीत परत ढकलायचं व्हतं.

मिस्तरी पोळ्यासाठी सासुरवाडीला, नांदूरघाटला गेलता. फोन लावला. इंजनाजवळ धरला तर त्याला नुसती घरघर ऐकू येई. मग मी लांब जाऊन तोंडानं आवाज काढून दाखवला. आधी बारीक चीं, रेस दिली की चिर्रर्र.

"थांब," मिस्तरी म्हणला. "रेस सोडल्यावर कसं वरडतंय?"

मी तेबी काढलं. शेजारची म्हैस दावं तोडायला लागली.

"आरं, पट्टा सरकतोय बे. डायनामो फिरंना तर चार्जिंग कुठून व्हईल? पट्ट्याला हात लावून बघ, ग्रीस-बिस लागलंय का."

इंजन बंद करून बोट फिरवलं. बोट पिवळं. वास घेतला. लोणी.

मी आबांकडं बघितलं. आबा झाडाकडं बघायला लागले.

"पट्ट्यालाच कावून चोळलं आबा?"

"मग खांदा कुठाय ट्रॅक्टरला? वढतोय तर पट्टाच."

सोड्याच्या पाण्यानं पट्टा आन् पुली पुसली, पट्टा ताणून बसवला. काटा उठून प्लसमध्ये गेला. दुपारपत्तर ट्रॅक्टर दारात घरघरत ठेवला.

वेशीत मंगलाष्टकं झाली. आबांनी किल्ली फिरवली. एका दणक्यात चालू. आबांनी फेटा सारखा केला. तेवढ्यात पारावरच्या एकानं इचारलं, "काय इलाज केला रं?" आन् मला राहावलं न्हाई. मडगार्डवर उभा राहून मी सगळं करून दाखवलं. लोणी, हळद, "हलू नको सोन्या", मग चीं, मग चिर्रर्र. लोक पोट धरून हसले.

आबांनी ट्रॅक्टर तसाच घरी आणला. दारात उतरल्यावर म्हणले, "वेशीत बंद पडला असता तरी एवढे हसले नसते. वर्षभर ह्याच्या जिवावर खातूस. खांदा चोळला तर पाप केलं का मी? त्या मिस्तऱ्याला आवाज काढून दाखवला, तिथंच तोंड मिटायचं व्हतं. आता ते पिवळं बोट धू आन् मगच ताटावर बस."