सोनेरी पदकाची बहात्तर पानं

पडदा वर गेला, असं समजा. कोकंद शहरातलं एक अंगण. द्राक्षांच्या मांडवाखाली रुंद लाकडी चौथरा, त्यावर गाद्या, मधोमध दस्तरखान अंथरलेलं, त्या कापडावर नान, जर्दाळू, खडीसाखर. उजेड वरून, पानांतून गाळलेला. पाच बायका मांडी घालून बसलेल्या. आणि उजवीकडून, हातात चहाची किटली घेऊन, शराफत आपांचा प्रवेश.

आपांनी जिल्हा ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीत चाळीस वर्षं काढली. माणसाचा चेहरा बघून पुस्तक काढायच्या. नवऱ्याशी भांडून आलेलीला प्रवासवर्णन, नव्यानेच विहीण झालेलीला युद्धकादंबरी. निवृत्तीनंतर खिडकी गेली, खोड गेली नाही. मोहल्ल्यातल्या सहाजणी दर महिन्याला पाळीपाळीने एकीच्या घरी जमत. आपांनी तिथेही पुस्तक घुसवलं. "पारितोषिक मिळालंय, आणि छोटं आहे," एवढ्या शिफारशीवर प्रत्येकीला एकेक प्रत. बायका ती आदराने घेत, आदराने फ्रिजवर ठेवत आणि महिन्याने आदराने परत आणत. कुणी काही विचारत नसे.

ते सध्या बरंच होतं. कारण गेले पाच महिने आपांना अक्षर दिसत नव्हतं. मोतीबिंदू. ऑपरेशन हिवाळ्याच्या तोंडावर. पण हे सांगायचं कुणाला? जिला स्वतःला वाचता येत नाही, तिची शिफारस कोण ऐकणार? मग त्या दुकानात जाऊन वेष्टनांवरून अंगठा फिरवत. पारितोषिकाचं उठावदार सोनेरी पदक बोटाला लागलं आणि पुस्तक तळहातावर हलकं वाटलं, की घ्यायचं. 'खारी विहीर' अशीच हाती आली. पानं बहात्तर, हे दुकानदाराने सांगितलं.

चहाचीही अशीच युक्ती. पियाल्याला बाहेरून, अर्ध्यावर, अंगठा टेकवायचा. तिथवर ऊन लागलं की थांबायचं. तिथला रिवाजच तसा: अर्धा पियाला म्हणजे निवांत बसा, पुन्हा ओतते. काठोकाठ भरलेला म्हणजे चपला शोधा.

आपा ओतत ओतत झुमरादपाशी आल्या. झुमराद लग्नाचे पोशाख शिवायची. शाळा सुटल्यापासून तिने पुस्तक म्हणून काही उघडलं नव्हतं.

"आपा, एक विचारू? ती थोरली जाऊ विहिरीत अंगठी का टाकते?"

किटली हवेतच थांबली. "तू... वाचलंस?"

"दोनदा. नवऱ्याला शिळं वाढून."

"अगं, पारितोषिकाच्या पुस्तकात अंगठी म्हणजे नुसती अंगठी नसते."

"मग काय असते?"

"दुःख."

"पण ती तर खदाखदा हसत टाकते!"

"हसरं दुःख असेल," तिच्या शेजारी बसलेली करामत नान मोडत म्हणाली. "पदक काय उगाच देतात?"

"आणि शेवट!" आपा घाईने म्हणाल्या. "शेवट कसा काळजात घुसतो!"

"शेवटी सगळे बसून पुलाव खातात, आपा."

आपांचा अंगठा पियाल्यावरून कधी सुटला, त्यांनाच कळलं नाही. चहा ओतला जात राहिला. काठापर्यंत आला आणि दस्तरखानावर सांडला.

झुमरादने पियाल्याकडे पाहिलं, मग ओढणी सावरली. "कळलं, आपा. शिंपिणीने कापडाचं बोलावं." ती चपला शोधायला उतरली.

आता काय? गप्प राहिलं तर गुपित राहत होतं, पण चाळीस वर्षांत भेटलेली सगळ्यात खरी वाचक फाटकाबाहेर जात होती.

"बस खाली!" आपा कडाडल्या. "मला पियाला दिसत नाही गं. पुस्तकही दिसत नाही. वाचलेलंच नाही मी ते."

मग करामतने हळूच विचारलं, "आणि त्याच्या आधीची चार?"

"त्यांचीसुद्धा नुसती पदकंच चाचपली."

"मग ठीक. आम्ही तेवढंही केलं नव्हतं."

हसण्याचा असा स्फोट झाला की शेजारचा कोंबडा भिंतीवरून पडला. हसली नाही ती फक्त झुमराद. ती परत वर चढली, आपांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि पिशवीतून 'खारी विहीर' काढून मधलंच पान उघडलं.

"ऐका. इथून मजा सुरू होते."

आपांनी तिच्या हातावर चापट मारली.

"मधूनच काय? वेष्टनापासून सुरू कर. छापखान्याचा पत्तासुद्धा गाळायचा नाही."